बहिष्काराचा हिशेब



कापसाला भाव नाही, तर मतदानच नको, असे ठराव काही गावांनी आणले आहेत. संताप आम्हाला कळतो. पण आधी व्हेनेझुएलाचा हिशेब बघू.

लोकशाही हल्ली रणगाडे आणून क्वचितच मोडतात. निवडून आलेला माणूसच ती आतून पोखरतो. गुलाबी बोंडअळीच म्हणा ना, बोंड वरून हिरवेगार! चावेझ यांना विरोधकांनी २००२ साली लष्कराच्या बंडात हटवले; दोन दिवसांत ते परत आले. मग तेलकंपनीत संप केला. हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. २००५ साली निवडणुकीवर बहिष्कार. संसदेच्या सगळ्या १६७ जागा चावेझ यांच्या बाजूला गेल्या. कुंपण काढल्यावर गुरांना कसला दोष?

शेजारच्या कोलंबियात उरिबे यांना तिसरी खेप हवी होती. विरोधक संसदेत थोडके. पण बसून राहिले, सार्वमताच्या कायद्यातली एकेक खोट नोंदवत गेले. २०१० साली घटना न्यायालयाने या खोटींवर बोट ठेवूनच ते सार्वमत अडवले. लॉरा गांबोआ या राज्यशास्त्राच्या अभ्यासक बाईंनी २०२२ च्या पुस्तकात हे दोन्ही देश शेजारी ठेवून तपासले आहेत.

ठराव आणलेल्या गावांशी आम्ही आज दुपारी जेवणानंतर बसणार आहोत. येताना मतदारयादी आणावी.