पाकिटातला पगार

गटाच्या बैठकीत रेडिओ मध्ये ठेवून ऐकणाऱ्या सगळ्यांना नमस्कार, आणि भाकऱ्या भाजता भाजता ऐकणाऱ्यांनाही नमस्कार.

आज मी बोटीवरच्या पैशाबद्दल बोलणार आहे. आपल्या सिंधुदुर्गात, वर रत्नागिरीत आणि खाली गोव्यात, बोटीवर गेलेलं कोणी ना कोणी पुष्कळ घरांत आहे. कोणी मालाच्या बोटीवर, कोणी तेलाच्या. माझे यजमान प्रवाशांच्या बोटीवर आहेत, जिला क्रूझ म्हणतात. तिथल्या जेवणघरात ते वाढपी, म्हणजे वेटर. आणि आज मला सांगायचं आहे ते टीपबद्दल.

टीप म्हणजे हॉटेलात जेवल्यावर आपण बडीशेपेच्या बशीत ठेवतो ते दहा-वीस रुपये. तुम्ही म्हणाल, ह्यात बोलण्यासारखं काय आहे? तर बायांनो, त्या बशीतल्या पैशावर माझं घर २००६ पासून चाललं आहे. आणि ते मला कळायला चौदा वर्षं लागली.

हे पहिल्यांदा गेले तेव्हा असिस्टंट वेटर म्हणून गेले. गावात सगळ्यांना सांगितलं, डॉलरमध्ये पगार आहे. मीही मैत्रिणींत तसंच सांगत होते. त्यांच्या करारावर मूळ पगाराचा आकडा होता महिन्याला ५० डॉलर. हो, बरोबर ऐकलंत, पन्नास. बाकीची सगळी कमाई टीपची. टीप फारच कमी पडली, तर कंपनी एका ठरलेल्या आकड्यापर्यंत भर घालणार, अशी हमी होती. त्याच्या वर जे मिळेल ते प्रवाशाच्या मर्जीवर.

असं का, तर अमेरिकेत हॉटेलातल्या वेटरला गिऱ्हाइकानं टीप द्यायची ही जुनी रीत आहे. तिथला केंद्राचा कायदाच असा आहे की टीप घेणाऱ्या कामगाराला मालकानं तासाला २.१३ डॉलर दिले तरी चालतात, बाकीचं टीपनं भरून निघायला हवं, नाही निघालं तर मालकानं भरायचं. हा आकडा १९९१ पासून बदललेला नाही. बोटीच्या कंपन्यांनी तीच रीत समुद्रावर नेली. आणि बोटीवर झेंडा असतो बहामाचा नाहीतर पनामाचा, त्यामुळे अमेरिकेतला किमान वेतनाचा कायदा तिथे लागत नाही.

आता काम कसं असतं ते सांगते. संध्याकाळच्या जेवणाच्या दोन पंगती. पहिली सहाच्या सुमारास, दुसरी आठ-साडेआठला. एक वेटर आणि एक असिस्टंट अशी जोडी, त्यांच्याकडे ठरलेली टेबलं. म्हणजे सात दिवसांच्या सफरीत रोज तेच वीस-बावीस लोक त्यांच्याकडेच जेवणार. वेटर काय हवं ते विचारतो, असिस्टंट मुदपाकखान्यातून जड ताटं उचलून आणतो, पाणी, पाव, कॉफी बघतो, उष्टं उचलतो. सकाळी नाश्ता, दुपारी जेवण, तिथेही हीच माणसं. सफर संपली की त्याच दिवशी जुने प्रवासी उतरतात आणि नवे चढतात. रविवार नाही, सण नाही.

त्या काळी टीप पाकिटात मिळायची. शेवटच्या रात्री प्रवासी पाकीट हातात देत. रिवाज असा की माणशी दिवसाला वेटरला साडेतीन डॉलरच्या आसपास आणि असिस्टंटला दोन डॉलरच्या आसपास. आता हिशेब करा. टेबलावर सहा जणांचं कुटुंब. सहा माणसं, सात दिवस, दोन डॉलर. झाले ८४ डॉलर. आठवडाभर हे त्या कुटुंबातल्या पोरांची नावं पाठ करायचे, कोणाला बर्फ हवा, कोणाला नको ते लक्षात ठेवायचे. आणि शेवटच्या रात्री ते टेबल रिकामं. जेवायला आलेच नाहीत, दुसरीकडे जाऊन जेवले. पाकीट द्यावं लागू नये म्हणून. ८४ डॉलर गेले. भांडायचं कोणाशी? टीप काही कायद्यानं देणं नव्हे.

पुढे बहुतेक मोठ्या कंपन्यांनी पाकिटाची पद्धत बदलली. आता रोजची ठरावीक रक्कम प्रवाशाच्या खात्याला आपोआप लागते. अमेरिकी बोटींवर आज ती माणशी दिवसाला साधारण १६ ते २० डॉलर आहे. ती एकट्या वेटरला मिळत नाही. खोल्या साफ करणारे, जेवणघरातले, काही ठिकाणी मुदपाकखान्यातले, अशी तिची वाटणी होते. पण बऱ्याच बोटींवर प्रवासी काउंटरवर जाऊन सांगू शकतो, माझ्या खात्यावरची टीप काढून टाका. काही जण काढतात. काही म्हणतात, आम्ही हातातच देऊ, आणि देतातही. पण काही कंपन्यांत असा नियम आहे की ज्यानं खात्यावरची टीप काढली, त्यानं हातात दिलेले पैसे वेटरनं सगळ्यांच्या पेटीत जमा करायचे.

शिवाय प्रवासी कुठला, त्यावरही आहे. अमेरिकी माणसाला टीपची सवय असते. जपानमध्ये टीप देण्याची रीतच नाही. ऑस्ट्रेलियात, इंग्लंडात ती कमी. इंग्लंडच्या पी अँड ओ क्रूझेस कंपनीनं तर २०१९ मध्ये रोजची टीप बंदच केली. म्हणजे तीच ताटं, तेच तास, तीच पाठदुखी. पण बोट कुठल्या बंदरातून सुटते त्यावर माझ्या घरची कमाई बदलणार.

आणि टीपच्या मागोमाग येतं ते हसू. सफर संपताना प्रवाशांकडून शेरे मागवतात. नुसतं ‘चांगलं’ लिहिलं तर चालत नाही, ‘उत्तम’ हवं. त्यावर पुढची टेबलं, बढती ठरते. माझ्या सासूबाई वारल्या तेव्हा हे समुद्रात होते. पुढचं बंदर दोन दिवसांवर, येणं शक्यच नव्हतं. त्या रात्री त्यांनी दोन्ही पंगती वाढल्या. मी नंतर विचारलं, टेबलावरच्या लोकांना सांगितलंत का? म्हणाले, “नाही. त्यांची सुट्टी होती.”

हे ऐकल्यावर मी ‘डॉलरचा पगार’ हा शब्द बोलायची बंद झाले.

आता माझी चूक सांगते, कारण ती तुमच्या घरात होऊ नये. २०१७ मध्ये आम्ही घर बांधायला कर्ज काढलं. हप्ता ठरवताना मी काय केलं? चांगल्या महिन्यांत जेवढे पैसे आले, तेवढे दर महिन्याला येणार असं धरलं. त्यात टीप किती आणि हमीचा पगार किती, हे मी कधी वेगळं केलं नव्हतं. आणखी एक विसरले. करार सात-आठ महिन्यांचा असतो. मधले दोन-अडीच महिने माणूस घरी असतो, तेव्हा पगार नसतो. आपण म्हणतो, आले, आता मजा. पण हप्ता काही सुट्टीवर जात नाही.

मग आलं २०२०. फेब्रुवारीत जपानच्या योकोहामा बंदरात डायमंड प्रिन्सेस ही बोट अडकली. तिच्यावर १३८ भारतीय होते, त्यातले १३२ तिथे काम करणारे. आम्ही बातम्या बघत बसायचो. मार्चच्या मध्यावर सगळ्याच क्रूझ थांबल्या. प्रवासी उतरले, आमची माणसं बोटीवरच राहिली. यजमान साडेतीन महिने समुद्रात, बंदरात उतरू देईनात. आणि प्रवासी नाही म्हणजे टीप नाही. टीप मार्चमध्येच थांबली. करार संपला तसा पगारही थांबला. अमेरिकेतून क्रूझ पुन्हा सुटायला २०२१ चा जून उजाडला. आमचे हे परत गेले त्या वर्षाच्या दिवाळीनंतर.

दीड वर्ष. घराचे हप्ते काही महिने पुढे गेले खरे, पण व्याज चालूच होतं. मंगळसूत्र सोडून बाकीचं सोनं गहाण पडलं. त्या वेळी आमच्या बचत गटानं मला अंतर्गत कर्ज दिलं. दोन टक्के व्याज, आणि कोणी तोंड वाकडं केलं नाही. त्या पैशातून मी मोठी भांडी घेतली आणि पर्यटक परत येऊ लागले तसं आम्ही चौघींनी मिळून जेवण द्यायला सुरुवात केली. त्याचं पुढे सांगते.

आधी ज्यांचा मुलगा, नवरा, दीर बोटीवर जाणार आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी.

पहिली. पोरगा सांगेल, एजंट म्हणतोय दीड हजार डॉलर मिळतील. त्याला बसवा आणि तीन आकडे वेगळे लिहून मागा. मूळ पगार किती? हमीचा किती? टीप धरून अंदाजे किती? एजंट तिसराच आकडा सांगतो. कागदावर पहिले दोन असतात. कराराची एक प्रत घरी ठेवा.

दुसरी. नोकरी लावून देण्याचे पैसे एजंटला द्यायचे नसतात. बोटीवरच्या कामगारांसाठी २००६ चा आंतरराष्ट्रीय करार आहे, भारतानं तो २०१५ मध्ये मान्य केला. त्याप्रमाणे वैद्यकीय दाखला, सीडीसी म्हणजे खलाशाचं पुस्तक, आणि पासपोर्ट यांचा खर्च आपला. व्हिसाचा खर्च बोटीच्या मालकाचा. भरती करणाऱ्याकडे मुंबईच्या नौवहन महासंचालनालयाचा परवाना हवा. तो आहे का ते त्यांच्या संकेतस्थळावर बघता येतं. जमीन विकून ‘टीपमधून वर्षात फेडू’ म्हणणाऱ्याला घरातल्या बाईनं थांबवावं.

तिसरी. त्याच करारात लिहिलं आहे की पगार महिन्याच्या आत मिळाला पाहिजे, त्याचा हिशेब लेखी मिळाला पाहिजे, आणि त्यातला भाग घरी पाठवायची सोय मालकानं केली पाहिजे. चोवीस तासांत निदान दहा तास विश्रांती मिळाली पाहिजे. फोनवर ‘जेवलात का’ विचारता, तसं ‘हिशेबाचा कागद मिळाला का’ हेही विचारा.

चौथी, आणि माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाची. घर हमीच्या आकड्यावर चालवा. वर्षाची हमीची रक्कम काढा, तिला बारानं भागा, कारण सुट्टीतही चूल पेटवायची असते. शाळेची फी, किराणा, हप्ता, सगळं त्यात बसवा. नाही बसलं तर हप्ता छोटा करा, घराची एक खोली कमी बांधा. टीप येईल ती वेगळ्या खात्यात. आमच्याकडे आता टीपचे तीन भाग होतात. एक अडीअडचणीला, एक मुलीच्या शिक्षणाला, एक जुनं कर्ज लवकर फेडायला. टीपवर हप्ता बांधायचा नाही. पावसावर भात पेरतो, पण पुढच्या वर्षीचा भात कोणी आधी विकत नाही ना?

आता आमच्या जेवणाचं. पर्यटक येतात, सोलकढी, मासे, आंबोळ्या खातात, खूश होतात आणि जाताना वाढणाऱ्या बाईच्या हातात शंभर-दोनशे ठेवतात. पहिल्या मोसमातच त्यावरून आमच्यात कुरबुर झाली. वाढणारी म्हणे, माझ्या हातात दिले, माझे. मागे चुलीशी धूर खाणारी म्हणे, चव काय तुझ्या हाताची होती? आणि भांडी घासणारी काकी काहीच बोलत नव्हती. तिला तर पाहुण्यानं बघितलंही नव्हतं.

मी यजमानांना फोनवर विचारलं. ते म्हणाले, “मी असिस्टंट असताना लोक वेटरचं नाव घेऊन आभार मानायचे. ताटं मी आणत होतो.” एवढंच म्हणाले. पण मला कळलं.

आम्ही एक डबा ठेवला. हातात आलेले पैसे त्यात टाकायचे, महिन्याच्या शेवटी सगळ्यांसमोर मोजायचे, वहीत लिहायचे, चार समान भाग करायचे. काकीचाही भाग तेवढाच. आणि आणखी एक ठरवलं. टीप मिळते म्हणून कोणाची मजुरी कमी धरायची नाही. मजुरी ताटाच्या किमतीतूनच निघाली पाहिजे. ती निघत नसेल तर ताट महाग करू, पण पाहुण्याच्या मर्जीवर काकीची मजुरी टाकणार नाही. दर वीस रुपयांनी वाढवला. गिऱ्हाईक कमी झालं नाही.

मैत्रिणींनो, कधी हॉटेलात गेलात, एखाद्या लग्नात पंगतीला बसलात, तर वाढणाऱ्याकडे एकदा बघा. जमलं तर बशीत काही ठेवा. आणि ज्यांच्या घरचं माणूस बोटीवर आहे त्यांनी आज रात्री वही काढून दोन रकाने आखा. एका बाजूला पगार, एका बाजूला टीप. ते दोन आकडे वेगळे दिसले की पुढचं तुम्हाला कोणी सांगायला नको.

येते मी. नमस्कार.