कारण जवळचं हवं

(मुकुंदवाडी येथे वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



‘माणूस बिडी-सिगारेट शेवटी कशामुळं सोडतो?’ असा आजचा विषय आहे. मी डॉक्टर नाही. चिकलठाणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात बत्तीस वर्षं लेथवर उभा राहिलो. त्यातली पहिली पंधरा वर्षं मी बिडी ओढली आणि नंतरची वर्षं बिडी सोडू पाहणाऱ्यांच्या शेजारी बसलो. माझी शिदोरी एवढीच आहे.

१९८१ साली जालना जिल्ह्यातल्या गावाहून आलो आणि मुकुंदवाडीत खोली केली. रात्रपाळी सुटली की टपरीवर चहा आणि चहाबरोबर बिडी, हे पहिल्याच महिन्यात अंगवळणी पडलं. १९९६ च्या पावसाळ्यात थोरली मुलगी पहिलीत गेली. तिला सायकलच्या दांडीवर बसवून मी शाळेत सोडायचो. डावा हात हँडलवर आणि उजव्या हातात बिडी. एका सकाळी ती दांडीवर बसेना. म्हणाली, “पप्पा, मी कॅरियरवर बसते. पुढं धूर डोळ्यात जातो. तुमच्या शर्टाचा पण वास येतो.” ती रडली नाही, रुसलीही नाही. कॅरियरवर बसली आणि माझा शर्ट धरायचा सोडून सीटखालची स्प्रिंग धरून बसली. शाळा येईपर्यंत माझ्या पाठीला तिचा हात लागला नाही. पोटच्या पोरीला आपल्याला धरावंसं वाटत नाही, एवढं एकच त्या रस्त्यात माझ्या डोक्यात होतं.

कारखान्यात पोहोचलो आणि बंडल कचऱ्याच्या डब्यात टाकलं. तेवढ्यानं सुटली नाही. बाराव्या दिवशी रात्रपाळीत पुन्हा पेटवली. पुन्हा सोडली, पुन्हा धरली. तिसऱ्या खेपेला, दिवाळीच्या आसपास सुटली ती आजवर.

त्याच्या दोन वर्षं आधी एका डॉक्टरांनी माझ्या छातीचा फोटो उजेडापुढं धरून मला बजावलं होतं. मी खरोखर घाबरलो होतो. दवाखान्याबाहेर आलो आणि ती भीती घालवायला बिडीच पेटवली. भीतीचं हे असं असतं. ती माणसाला अस्वस्थ करते, आणि अस्वस्थ झाल्यावर काय करायचं हे व्यसनी माणसाच्या हाताला आधीच पाठ असतं.

म्हणून इशारे वाया जातात, असं मात्र कुणी समजू नये. १ एप्रिल २०१६ पासून आपल्याकडं पाकिटाच्या ८५ टक्के भागावर रोगाचं चित्र आणि इशारा आला. त्यानंतरच्या, २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात सिगारेट ओढणाऱ्या ६१.९ टक्के आणि बिडी ओढणाऱ्या ५३.८ टक्के लोकांनी सांगितलं, की हा इशारा पाहून सोडण्याचा विचार मनात आला. म्हणजे निम्म्याहून अधिकांच्या मनात ही गोष्ट आहे. तुमच्या शेजारी बसून ओढणारा माणूस मनातल्या मनात सोडण्याच्या वाटेवर उभा असू शकतो. विचार आणि निर्णय यांच्यामध्ये मात्र एक दरी आहे. ती माणूस कशाच्या आधारानं ओलांडतो, हे मी इतकी वर्षं पाहत आलो. नावं न घेता त्यांतली काही कारणं सांगतो.

आमच्या खात्यातला एक वेल्डर मुलाला देवगिरीचा किल्ला दाखवायला दौलताबादला घेऊन गेला. किल्ल्यातल्या अंधारी या काळोख्या भुयाराच्या अलीकडंच त्याला धाप लागली. दहा वर्षांचा मुलगा म्हणाला, “तुम्ही बसा इथं, मी वर जाऊन येतो.” मुलगा एकटा वर गेला. वेल्डर मला म्हणाला, “किल्ला मी दाखवणार होतो. त्यानं मला बसवून ठेवलं.” त्यानं तिथंच सिगारेट सोडली.

एक रिक्षावाले चाचा रमजानमध्ये रोजे धरायचे. सहरीपासून इफ्तारीपर्यंत ते सिगारेटला हात लावत नसत आणि सूर्य मावळला की पहिली पेटवत. एका वर्षी त्यांच्या मनात आलं, की तेरा-चौदा तास आपण राहतो, म्हणजे आपल्याला राहता येतं. ‘मला जमत नाही’ ही त्यांची सबब त्या संध्याकाळी संपली. ईदनंतर त्यांनी पाकीट घेतलंच नाही.

पैठणच्या वारीहून आलेल्या एका हेल्परनं गळ्यात माळ घातली आणि खिशातली काडेपेटी काढून टाकली. माळेला शोभत नाही, एवढंच त्याचं कारण होतं. दुसऱ्या एकानं पोराच्या क्लासची फी भरताना हिशेब मांडला. दिवसाला शंभर रुपये म्हणजे वर्षाला छत्तीस हजार पाचशे. फी त्याहून कमी होती. उसने पैसे मागायला तो ज्याच्या दारात उभा राहिला होता, तिथून परत फिरला.

आणि एक आजी. त्या बिडी ओढत नव्हत्या, मिश्री लावायच्या. एका सकाळी दीड वर्षाची नात त्यांच्या शेजारी येऊन बसली आणि तिनं डबीत बोट घालून ते स्वतःच्या हिरड्यांवर फिरवलं. आजींनी आधी तिचं तोंड धुतलं, मग डबी मोरीत रिकामी केली. चाळीस वर्षांची सवय होती. डोकं दुखायचं, शौचाला होत नव्हतं, चिडचिड व्हायची. तरी त्या डगमगल्या नाहीत.

यातल्या एकाही माणसानं ‘आयुष्य वाढावं’ म्हणून सोडली नाही. आयुष्य वाढणं ही लांबची गोष्ट आहे आणि तलफ ही आत्ताची. झुरका घेतल्यावर निकोटीन काही सेकंदांत मेंदूत पोहोचतं आणि साधारण दोन तासांत रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर येतं. म्हणून दर थोड्या वेळानं शरीर हात पसरतं. सोडल्यावर पहिले तीन-चार दिवस सगळ्यांत कठीण जातात. झोप लागत नाही, माणूस घरच्यांवर खेकसतो. दोन ते चार आठवड्यांत शरीराचा हट्ट उतरणीला लागतो. पण प्रत्येक तलफेची लाट काही मिनिटांचीच असते. त्या काही मिनिटांत ‘पंधरा वर्षांनी कर्करोग होईल’ हे वाक्य कामाला येत नाही. कॅरियरवर बसलेली मुलगी येते. डबीतलं बोट येतं. पहाटे सहाला, रात्रपाळी सुटल्यावर, टपरीसमोर उभं असताना आठवेल इतकं कारण जवळचं हवं.

आकडासुद्धा माणसाच्या जवळ येतो, तो स्वतःच्या हातानं मांडला तर. लंडनमध्ये रिचर्ड डॉल नावाचे डॉक्टर फुप्फुसाच्या कर्करोगाचं कारण शोधत होते. ते स्वतः सिगारेट ओढायचे. रुग्णांच्या मुलाखतींतून उत्तर दिसू लागलं आणि अभ्यास पुरा होण्याआधीच त्यांनी सिगारेट सोडली. त्या अभ्यासाचा निबंध १९५० साली छापून आला. डॉल ९२ वर्षं जगले. पुढं त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या डॉक्टरांच्याच सवयींचा पन्नास वर्षं मागोवा घेतला. २००४ साली मांडलेला त्याचा हिशेब असा : आयुष्यभर सिगारेट ओढणारा सरासरी दहा वर्षं आधी जातो. तिशीत सोडली तर जवळपास ती दहाही वर्षं वाचतात, चाळिशीत नऊ, पन्नाशीत सहा आणि साठीत सोडली तरी तीन. माझ्या वयाच्या मंडळींनी यातला शेवटचा आकडा घरी घेऊन जावा. ‘आता काय उपयोग’ या वाक्याला त्यात उत्तर आहे.

बिडी साधी, पानाची, म्हणून कमी वाईट, असं आपल्याकडं अजून बोललं जातं. हे खरं नाही. तेंदूच्या पानातून हवा खेळत नाही, म्हणून बिडी विझू नये यासाठी झुरके जास्त आणि जोरात मारावे लागतात. तेवढा धूर छातीत अधिक जातो.

इथं एका खड्ड्याबद्दल सावध करतो. २०१६-१७ च्या त्याच राष्ट्रीय सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूर ओढणारे प्रौढ ३.८ टक्के होते, आणि तंबाखू खाणारे-लावणारे २४.४ टक्के. अनेक जण बिडी सोडतात आणि तळहातावर तंबाखू-चुना मळू लागतात. ही सुटका नव्हे, मालक तोच राहतो. आपल्या राज्याचे माजी गृहमंत्री आर. आर. आबा १६ फेब्रुवारी २०१५ रोजी तोंडाच्या कर्करोगानं गेले. साधा, सर्वांना आपला वाटणारा माणूस ५७ व्या वर्षी गेला. त्या आठवड्यात आमच्या ओळखीतल्या दोघांनी तंबाखूची डबी कायमची टाकली. एक टीव्हीकडं बोट दाखवून म्हणाला, “हे माझ्या तोंडात चाललंय.” आमखास मैदानाजवळच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात मराठवाडाभरातून माणसं येतात. तिथल्या बाकावर बसायची वेळ येण्याआधी कारण सापडावं, अशी माझी कळकळ आहे.

घरच्यांनाही दोन शब्द. सोडणाऱ्याला टोमणे मारू नका. ‘बघू किती दिवस टिकतंय’ या एका वाक्यानं मी माणसं परत टपरीवर जाताना पाहिली आहेत. तो पुन्हा घसरला तर मागचे दिवस वाया गेले असं म्हणू नका. मी अकरा दिवस टिकलो होतो, म्हणूनच पुढच्या खेपेला बाराव्या दिवसाची भीती वाटली नाही. आणि तलफेच्या त्या काही मिनिटांत शेजारी बसणारं कुणीतरी प्रत्येकाला लागतं.

मदत घेण्यात कमीपणा नाही. १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा राष्ट्रीय मोफत क्रमांक पाकिटावर छापलेला असतो. २०१६ पासून ती सेवा सुरू आहे. जिल्हा रुग्णालयांत समुपदेशनाची सोय ठेवलेली आहे, आणि आपलं जिल्हा रुग्णालय चिकलठाण्यात, इथून जवळच आहे. निकोटीनचे च्युइंगमसुद्धा डॉक्टरांच्या सल्ल्यानं उपयोगी पडतात.

शेवटी एक विनंती करतो. आज रात्री घरी गेल्यावर एका कागदावर तुमचं कारण लिहा. एकच ओळ पुरे. ते लहान असलं तरी चालेल, दुसऱ्याला पटलं नाही तरी चालेल, फक्त ते तुमचं असू द्या. तो कागद ज्या खिशात बंडल ठेवता त्या खिशात ठेवा आणि बंडल बाहेर काढा. उद्या सकाळी तलफ येईल तेव्हा हात त्याच खिशाकडं जाईल. तेव्हा ती ओळ वाचा आणि पाच मिनिटं थांबा. मी असाच थांबत थांबत इथवर आलो. तुम्हीही या.