मोडलेला पाय आणि शाळेची वाट



केळापूर तालुक्यातल्या एखाद्या पोडावरचा दहावीतला मुलगा रोज दोन किलोमीटर चालत फाट्यावर येतो नि एस.टी.नं पांढरकवड्याची शाळा गाठतो. एस.टी.च्या मासिक पासात विद्यार्थ्याला दोनतृतीयांश सवलत आहे. खेड्यातल्या मुलींना तर अहिल्याबाई होळकर योजनेखाली बारावीपर्यंत शाळेचा प्रवास मोफत आहे. म्हणजे घडी बसलेली आहे.

आता समजा, ऐन कापूसवेचणीत हा मुलगा बंडीवरून पडला आणि पाय मोडला. नडगीचं हाड जुळायला साधारण तीन-चार महिने लागतात. पास खिशात आहे. पण फाट्यापर्यंत जायचं कसं, आणि प्लॅस्टरचा पाय घेऊन एस.टी.च्या पायऱ्या चढायच्या कशा? ऑटो ठरवावा, तर जाण्यायेण्याचे 150 रुपये जरी धरले, तरी 24 दिवसांचे 3600 होतात. मजुरीवर चालणाऱ्या घरात मग बाप म्हणतो, ‘राहू दे यंदा शाळा.’ हाड जुळतं, वर्ष मात्र मोडतं.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या 16 व्या कलमात दिव्यांग मुलांच्या वाहतुकीची सोय सांगितली आहे. पण त्यातली व्याख्या दीर्घकाळच्या व्यंगाची आहे. चार महिन्यांचं अधूपण तिच्यात बसत नाही. परीक्षेच्या तोंडावर हात मोडला, तर मंडळाच्या परवानगीनं लेखनिक मिळतो. पाय मोडलेल्याला वर्गापर्यंत आणण्याचं काम मात्र नेमकं कोणाचं, हे ठरलेलं नाही.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींनो, ते आपणच ठरवू या. पहिल्याच आठवड्यात मुलाच्या घरी जा. किती आठवडे चालायचं नाही, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. त्या बाजूनं रोज येणारा ऑटो किंवा जीप शोधा. प्लॅस्टरच्या पायाला फटफटी नको. भाड्याचा हिशेब कागदावर मांडून शाळा समितीपुढे आणि ग्रामपंचायतीपुढे ठेवा, गटशिक्षणाधिकाऱ्यांकडेही अर्ज करा. त्याचा निकाल लागेपर्यंत गावानं थोडी वर्गणी काढावी. शाळेच्या जवळ कोणी सोयरा राहत असेल, तर मुलाला तिथं ठेवता येतं का, तेही विचारा.

कोणी म्हणेल, असं किती जणांना पुरवायचं? अहो, या मदतीला शेवटची तारीख आहे, म्हणूनच ती परवडणारी आहे. प्लॅस्टर निघालं, मुलगा चालू लागला, की खर्च थांबला. शाळा एकदा सुटली, तर तिचा खर्च मात्र जन्मभर चालतो.