पेशींची पानगळ



मी जन्मभर मराठी शिकविली. पेशींच्या मरणावर बोलण्याचा मला अधिकार कोणता? पण १९७२ साली कर, वायली आणि करी या संशोधकांना पेशींच्या नियोजित मृत्यूसाठी शब्द हवा होता, तेव्हा तो सुचविला ग्रीक भाषेच्या प्राध्यापक कॉर्मॅक यांनीच : 'अपॉप्टोसिस', म्हणजे गळून पडणे, पानगळ.

बोटांमधल्या पेशी वेळेवर मरतात, म्हणूनच गर्भात आपली बोटे सुटी होतात. पुढेही एखाद्या पेशीतील जनुकद्रव्य दुरुस्तीपलीकडे बिघडले, की 'पी-५३' हे प्रथिन इशारा देते. तंतुकणिकांतून 'सायटोक्रोम-सी' बाहेर पडते. त्याने 'कॅस्पेस-९' हे विकर जागे होते, ते 'कॅस्पेस-३'ला जागविते, आणि हे दुसरे विकर पेशीची प्रथिने आतून कातरते. अवशेष इतर पेशी गिळून टाकतात. कोठे गाजावाजा नाही.

आपला निपाणी भाग तंबाखूवर पोसला, हे मी विसरत नाही. परंतु तंबाखूतील विषे पुष्कळदा 'पी-५३'चे जनुकच बिघडवितात. मग इशारा देणाराच मुका होतो. पेशी मरत नाही, वाढत राहते. तोच कर्करोग. खडेबाजारातून येताना कोवळ्या हातांत तंबाखूची पुडी दिसली, की म्हणूनच जीव कळवळतो.

मुलांनो, झाड पाने ढाळते ते जगण्यासाठी. देहाची ती जाण तुमच्या हातून मुकी होऊ नये, एवढेच मागणे.