हवेची गळती आणि फिटरचा वेळ

पेठ, सुरगाणा, हरसूल भागातून आलेले फिटर आणि मेकॅनिक, गॅरेजवाले, विहिरींच्या कामावरचे कॉम्प्रेसरवाले, औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधले निदेशक आणि विद्यार्थी मित्रहो,

देखभाल-दुरुस्ती करणाऱ्यांची परिषद पेठला भरते आहे, याचा मला मनापासून आनंद आहे. सातपूर, अंबड, गोंदे, दिंडोरी इथल्या कारखान्यांत पान्हा धरणारे कितीतरी हात या डोंगरांतून गेलेले आहेत. अध्यक्षपद दिलंत त्याबद्दल आभार मानतो आणि थेट विषयाकडे येतो. विषय आहे दाबाखालच्या हवेची गळती. ती शोधणं आता अवघड राहिलेलं नाही. अडतं ते शोधल्यानंतर, आणि त्याबद्दल मला आज बोलायचं आहे.

नाशिकहून इकडे येताना सावळघाट लागतो, कोटंबीचा घाट लागतो. गुजरातकडे जाणारे मालट्रक तिथे उतारावर ज्या भरवशावर असतात तो हवेचा भरवसा आहे. जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी १८६९ मध्ये रेल्वेसाठी हवेच्या ब्रेकचं पेटंट घेतलं. त्या पहिल्या रचनेत नळी फुटली की ब्रेकच जायचा. पुढे १८७२ च्या सुमाराला त्यांनी रचना उलटी केली. नळीतला दाब कमी झाला की ब्रेक आपोआप लागायचा. आजच्या ट्रकमध्येही दाब उतरला की बझर वाजतो, आणि फारच उतरला की स्प्रिंगचा ब्रेक मागची चाकं जखडून टाकतो. म्हणजे ट्रकमधली गळती ड्रायव्हरला गप्प बसू देत नाही. म्हणूनच चांगला ड्रायव्हर घाटाआधी इंजिन बंद करून गेजचा काटा बघतो आणि टाकीजवळ कान देतो.

कारखान्यात नेमकं उलटं घडतं. लाइनमध्ये कुठेही हवा निसटली तरी कॉम्प्रेसर ती मुकाट्याने भरून काढतो. मशीन चालू राहतं, उत्पादन थांबत नाही, पाण्यासारखं डबकं साचत नाही, तेलासारखा डाग पडत नाही. महिन्याचं वीजबिल येतं त्यात गळतीचा वेगळा रकाना नसतो. देखभाल नीट नसलेल्या कारखान्यात कॉम्प्रेसरने तयार केलेल्या हवेपैकी वीस ते तीस टक्के हवा गळतीत जाते, असं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची मार्गदर्शक पुस्तकं अनेक वर्षं सांगत आली आहेत. मुळात कॉम्प्रेसरला दिलेल्या ऊर्जेपैकी दहा ते तीस टक्केच शेवटच्या टोकाला कामाला येते, बाकीचा मोठा भाग उष्णता होऊन उडून जातो. कारखान्यातली इतकी महागडी ऊर्जा आपण अशी सोडून देतो, याचं मला खरंच वाईट वाटतं. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात २१० मेगावॉटचे संच कोळशावर चालतात. आपल्या फाटलेल्या नळीतून वाया जाणारी बरीचशी वीज असाच कुठेतरी कोळसा जाळून तयार झालेली असते.

एक हिशेब मांडतो. सात बारच्या लाइनवर तीन मिलिमीटरचं एकच भोक धरा. त्यातून मिनिटाला साधारण वीस घनफूट हवा जाते आणि ती पुरवायला साडेतीन किलोवॉटच्या आसपास वीज लागते. वर्षाला सहा हजार तास लाइन चालली तर एकवीस हजार युनिट. युनिटला आठ रुपये धरले तर १ लाख ६८ हजार रुपये. प्रत्यक्षात एवढं मोठं भोक क्वचितच असतं. असतात ती बारीक गळतीची ठिकाणं, आणि ती शॉपभर पसरलेली असतात.

एकूण गळती मोजायला वेगळं उपकरण लागत नाही. रविवारी उत्पादन बंद असताना लाइनमध्ये हवा ठेवा, कुठलंही मशीन हवा वापरत नाही याची खात्री करा आणि कॉम्प्रेसर सुरू करून घड्याळ हातात घ्या. किती वेळ तो लोडवर चालतो आणि किती वेळ अनलोड, एवढंच लिहा. दोन मिनिटं लोड आणि सहा मिनिटं अनलोड असेल तर आठातली दोन, म्हणजे पंचवीस टक्के. ५०० सीएफएमच्या, म्हणजे मिनिटाला ५०० घनफूट हवा देणाऱ्या कॉम्प्रेसरवर हा आकडा आला तर सव्वाशे सीएफएम हवा कुणाच्याही कामाला न येता जाते आहे. मात्र चार-पाच फेऱ्यांची सरासरी घ्या. आणि लक्षात घ्या, ही पद्धत लोड-अनलोडवर चालणाऱ्या कॉम्प्रेसरची आहे. ड्राइव्हवर गती बदलणाऱ्या कॉम्प्रेसरला ती लागू पडत नाही, तिथे फ्लोमीटर लागतो.

जागा शोधायला साबणाचं पाणी आजही उत्तम आहे, फक्त सोलेनॉइडच्या कॉइलवर आणि वायरिंगवर ते मारू नका. चालू शॉपमध्ये अल्ट्रासोनिक डिटेक्टर उपयोगी पडतो. माणसाचा कान फार तर वीस किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो. बारीक फटीतून सुटणाऱ्या हवेच्या खळबळीत त्याहून वरचा आवाजही असतो. डिटेक्टर तो चाळीस किलोहर्ट्झच्या आसपास पकडून हेडफोनमध्ये ऐकू येईल असा करतो. हा आवाज फार लांब जात नाही आणि सरळ रेषेत जातो, त्यामुळे शेजारी प्रेस धडधडत असतानाही बोट ठेवून जागा दाखवता येते. हाताने चाचपून गळती शोधायची सवय मात्र आजपासून सोडा. दाबाखालची हवा कातडीतून आत शिरू शकते, आणि त्यावर घरगुती इलाज नाही.

आता गळती बुजवण्याकडे येतो, कारण आपली कारागिरी इथे लागते. मेन हेडरपेक्षा मशीनजवळच्या शेवटच्या दोन-तीन मीटरमध्ये जास्त हवा जाते. पीयू ट्यूब घ्या. घाईत ती पकडीने किंवा हॅकसॉच्या पात्याने कापली जाते. टोक तिरकं होतं, कडेला कुसं राहतात. अशी ट्यूब पुश फिटिंगमध्ये घातली की आतल्या ओ-रिंगवर ती सगळ्या बाजूंनी बसत नाही, एका बाजूने हवा सुटत राहते आणि कुसांनी ओ-रिंगही कापली जाते. मग फिटिंग बदलतात, पुन्हा तीच तिरकी ट्यूब घालतात. ट्यूब कटरने काटकोनात कापा, टोकावरून बोट फिरवा, शेवटाला टेकेपर्यंत आत ढकला आणि एकदा मागे ओढून पाहा. तिला पहिलं वळण फिटिंगपासून थोडं दूर द्या.

आट्यांचंही तसंच. निमुळत्या आट्यांवर टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेने गुंडाळायची आणि पहिला आटा मोकळा ठेवायचा, नाहीतर टेपचे तुकडे पुढे व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतात. सरळ आट्यांना टेप कितीही गुंडाळली तरी भागत नाही, तिथे डाऊटी वॉशरच हवा. एफआरएलची, म्हणजे फिल्टर-रेग्युलेटर-लुब्रिकेटरची पारदर्शक वाटी बहुधा पॉलिकार्बोनेटची असते. ती थिनरने पुसली की बारीक तडे जातात, आणि अशी वाटी दाबाखाली फुटू शकते. ती साबणाच्या पाण्यानेच धुवा.

पावसाळ्याचं वेगळं सांगायला हवं, कारण आपल्याकडे तो दांडगा असतो. दमट दिवसांत १०० सीएफएमच्या कॉम्प्रेसरकडून एका पाळीत वीस लिटरच्या आसपास पाणी निघू शकतं. ते सोडायला पुन्हा पुन्हा कोण जाणार, म्हणून ड्रेनचा कॉक किलकिला उघडा ठेवला जातो. पाण्याबरोबर हवा चोवीस तास जाते, आणि पावसाळा संपला तरी कॉक तसाच राहतो. पातळी बघून उघडणारा, हवा न सोडणारा ड्रेन बसवायला पैसे लागतात हे खरं, पण ते लवकर वसूल होतात.

हे सगळं तुमच्यापैकी बहुतेकांना येतं. मग गळती राहते का? गळती शोधणारी मोहीम होते, लाल टॅग लागतात, फोटोसकट अहवाल तयार होतो. सहा महिन्यांनी जाऊन पाहावं तर टॅग तिथेच असतात, धुळीने काळे झालेले. ब्रेकडाउनला धावणाऱ्या फिटरला त्या टॅगसाठी वेळ कुणी दिलेला नसतो. लाइन बंद करायची परवानगी उत्पादन विभागाकडे असते, ओ-रिंग आणि कपलर स्टोअरमध्ये नसतात, आणि दाबाखालचं फिटिंग उघडणं धोक्याचं असल्यामुळे चालू लाइनवर तो हात लावू शकत नाही. त्याने लावूही नये. माझं ठाम मत आहे की डिटेक्टर विकत घेण्याआधी व्यवस्थापनाने आठवड्यातून ठरलेले तास, हवा बंद करायचा अधिकार आणि सुट्या भागांची एक पेटी एका ठरलेल्या फिटरच्या नावावर करावी. प्रत्येक टॅगपुढे बुजवल्याची तारीख आणि त्याची सही असावी. त्या सहीला पगारवाढीच्या वेळी किंमत असावी.

बुजवून झाल्यावर आणखी एक काम उरतं, ते बहुधा विसरलं जातं. गळती कमी झाली की लाइनचा दाब वाढतो आणि उरलेल्या भोकांतून जास्त हवा जाऊ लागते. म्हणून कॉम्प्रेसरची सेटिंग खाली आणली पाहिजे, शक्य असेल तर एक कॉम्प्रेसर बंद केला पाहिजे. दाब एक बारने उतरवला तर साधारण सहा-सात टक्के वीज वाचते. हे केलं नाही तर बिलात फरक दिसत नाही, आणि फिटरची मेहनत वाया गेली असं वरचे लोक म्हणतात.

विहिरींवर ट्रॅक्टरचा कॉम्प्रेसर घेऊन जाणाऱ्या मित्रांना दोन शब्द. या काळ्या पाषाणात तुमच्याशिवाय विहीर खाली जात नाही. तुमच्याकडे वीजबिल नाही, डिझेल आहे, आणि होजच्या जोडावरची क्लिप सैल असेल तर ब्रेकरचा ठोका बसत नाही म्हणून तुम्ही इंजिनाची गती वाढवता. क्लिप तारेने बांधून भागवू नका. जोड सुटला तर भरलेला होज फटका मारतो, आणि विहिरीत उतरलेल्या माणसाला पळायला जागा नसते. जोडावर सुरक्षेची साखळी लावा. टाकीचा कॉक बंद करून दहा मिनिटं गेज बघा. काटा उतरला तर टाकी, तिच्या जोडण्या किंवा चेक व्हॉल्व्ह यांपैकी काहीतरी गळतं आहे, होजकडे नंतर बघा.

या परिषदेने दोन ठराव करावेत अशी माझी विनंती आहे. फिटर ट्रेडच्या अभ्यासक्रमात न्यूमॅटिक्स आहे, तिथे प्रात्यक्षिकाच्या वहीत लोड-अनलोड चाचणी आणि दहा जोड बुजवून दाखवणं याला स्वतंत्र गुण मिळावेत. आणि नाशिकच्या उद्योजक संघटनांनी दोन-तीन डिटेक्टर घेऊन ते लहान कारखान्यांना आठवड्याच्या बोलीवर द्यावेत, सोबत एक प्रशिक्षित फिटर त्याच्या पूर्ण मजुरीसह द्यावा. तो फिटर पेठचा, सुरगाण्याचा मुलगा किंवा मुलगी असायला काहीच हरकत नाही.

दुपारच्या सत्रात मांडवाबाहेर कॉम्प्रेसर आणि पाइपची एक लाइन उभी केली आहे. तिच्यात निदेशकांनी मुद्दाम गळती ठेवली आहे. आधी घड्याळ लावून टक्के काढायचे, मग जागा शोधायच्या, मग हवा सोडून देऊन जोड उघडायचे आणि शेवटी पुन्हा टक्के काढायचे. विद्यार्थ्यांनी पुढे यावं, जुन्या फिटरांनी त्यांच्या शेजारी उभं राहावं.