शेवटच्या कडव्यातलं नाव

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



अमेरिकेत बो डिडली नावाचा एक गायक होऊन गेला. जन्म १९२८ चा, मिसिसिपीतला. हे नाव त्यानं गाण्यासाठी घेतलेलं, घरचं नाव वेगळं होतं. १९५५ साली त्याची पहिली रेकॉर्ड निघाली आणि तिच्यावरच्या गाण्याचं नावही 'बो डिडली' असंच होतं. गायकाचं नाव बो डिडली, गाण्याचं नाव बो डिडली. रेकॉर्ड धडाक्यात खपली. त्याच वर्षी नोव्हेंबरात टेलिव्हिजनच्या एका फार मोठ्या कार्यक्रमात त्याला बोलावलं आणि तेव्हा गाजत असलेलं एक दुसऱ्याचंच गाणं म्हणायला सांगितलं. गडी उभा राहिला आणि त्यानं 'बो डिडली' म्हटलं. कार्यक्रमाचा मालक संतापला. पुढे हा गायक सांगायचा, की समोरच्या फलकावर आधी 'बो डिडली' लिहिलं होतं आणि खाली त्या दुसऱ्या गाण्याचं नाव होतं. मला वाटलं, दोन्ही गाणी म्हणायची आहेत! खरं-खोटं तोच जाणे. पण गायक आणि गाणं यांचं नाव एक असलं की असा घोटाळा करायला जागा राहते, आणि तो घोटाळा गायकाच्या फायद्याचा असतो.

आपल्याकडे असं गाणं शोधायला गेलं तर चटकन सापडत नाही. त्याचं कारण साधं आहे. आपल्या जुन्या गाण्याला शीर्षकच नसतं. ध्रुवपद हेच त्याचं नाव. पण म्हणून आपले कवी-गायक लाजाळू होते असं कोणी समजू नये. त्यांनी नाव घातलं ते शेवटच्या कडव्यात. 'तुका म्हणे', 'नामा म्हणे', 'जनी म्हणे'. एकनाथांनी तर आपल्या नावाला गुरूचं नाव जोडून 'एका जनार्दनी' केलं. याला आपण नाममुद्रा म्हणतो. मुद्रा म्हणजे शिक्का.

आता शिक्का कशाला लागतो? माल बाहेर जाणार असला म्हणजे लागतो. धान्याचं पोतं घरातच राहणार असेल तर त्यावर कोणी नाव घालत नाही. बाजार समितीत जायचं असेल तर घालतो. गाण्याचं तसंच आहे. छापखाना नाही, कागद थोडा, गाणारे अनेक. गाणं एकदा तोंडातून निघालं की ते कुणाच्या गळ्यात जाऊन बसेल, कुठल्या गावच्या जत्रेत उगवेल, सांगता येत नाही. अशा वेळी कर्त्याच्या हातात एकच उपाय राहतो. नाव यमकात आणि तालात असं विणायचं, की ते उसवायला गेलं तर कडवंच फाटावं.

तरीही उसवणारे होतेच. तुकाराम महाराजांच्या अभंगांत सालोमालोचा उल्लेख येतो. संतांची वचनं मोडून ती आपली म्हणून मिरवणारा माणूस. प्रभातच्या १९३६ च्या 'संत तुकाराम' चित्रपटातला सालोमालो पुष्कळांच्या लक्षात असेल. तो विनोदी खलपुरुष म्हणून आपल्याला हसवतो, पण महाराजांचा राग हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्यानं इंद्रायणीच्या डोहात वह्या गेलेल्या सोसल्या, त्याला शब्द चोरीला गेलेले सोसले नाहीत. आणि याची दुसरी बाजूही आहे. थोरांचं नाव आपल्या रचनेला लावून देणारे निघाले. नामदेवांच्या गाथेत त्यांच्यानंतरच्या विष्णुदास नामा या कवीच्या रचना मिसळल्या आणि त्या वेगळ्या काढता काढता अभ्यासकांचे डोळे दुखले. म्हणजे शिक्का चोरताही येतो आणि खोटा मारताही येतो. रजिस्ट्रार कचेरीत याहून वेगळं काय चालतं?

संतांना नाव घालून पैसे मिळवायचे नव्हते. शाहिरांना मिळवायचे होते, आणि त्यात कमीपणा काही नाही. पोट होतं. अफजलखानाच्या वधावरचा पोवाडा ज्यानं रचला त्याचं नाव अज्ञानदास, कोणी अगिनदास म्हणतात. सिंहगडाचा पोवाडा रचणारा तुळशीदास. हे दोघं कोण, कुठले, याची दफ्तरात फारशी नोंद नाही. पोवाड्यातल्या नावावरच ते साडेतीनशे वर्षं तगून आहेत. अज्ञानदासाला सोन्याचा तोडा आणि घोडा बक्षीस मिळाल्याची हकीकत परंपरेनं सांगतात. काम केल्याची पावती पोवाड्यातच फाडलेली, असं म्हटलं तर चालेल. पुढं शाहीर शेवटच्या कडव्यात नुसतं आपलं नाव घालून थांबेनात. गुरूचं नाव, गावाचं नाव, फडातल्या ढोलकीवाल्याचं नाव, सगळं तिथं येऊ लागलं. पेशवाईतली होनाजी आणि बाळा ही जोडी घ्या. होनाजी शिलारखाने रचायचा, बाळा करंजकर गायचा. लोकांनी त्यांचं एकच नाव केलं, होनाजी बाळा. रचणाऱ्याबरोबर गाणाऱ्याचं नाव इतक्या बरोबरीनं टिकल्याचं उदाहरण मला तरी दुसरं आठवत नाही.

पठ्ठे बापूरावांची गोष्ट याहून तिखट. सांगली जिल्ह्यातल्या रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, जन्म १८६६. घरचं वतन, ब्राह्मणाचं घर. ते सोडून हा माणूस तमाशात गेला आणि 'पठ्ठे बापूराव' झाला. कुलकर्ण्यांचं नाव वतनाच्या कागदावर राहिलं. लावणीच्या शेवटच्या कडव्यात पठ्ठे बापूराव आले. १९४५ साली ते गेले तेव्हा हाती काही नव्हतं. त्यांच्या लावण्या मात्र महाराष्ट्रातल्या सगळ्या फडांवर वाजत होत्या आणि दर रात्री कोणीतरी गायिका त्यांचं नाव घेत होती. पाचच वर्षांनी, १९५० साली, त्यांच्या नावाचा चित्रपटही निघाला. त्यातला पैसा त्यांना कुठून मिळणार?

आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यातले वामनदादा कर्डक हे याच परंपरेतले. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, जन्म १९२२, निधन २००४. अक्षरओळख झाली ती मोठेपणी. आंबेडकरी चळवळीची गाणी त्यांनी हजारोंनी लिहिली आणि अक्षरशः वाटून टाकली. ज्यानं मागितलं त्याला दिलं. भीमजयंतीला आपल्या चाळीसगाव-पाचोरा-भडगाव पट्ट्यात रात्री उशिरापर्यंत कार्यक्रम चालतात. तिथं नीट कान देऊन ऐका. गाणारा कोणीही असो, शेवटच्या अंतऱ्यात 'वामन' आला की समोरच्या म्हाताऱ्या माणसाची मान हलते. त्या माणसाला कॅसेटवरचं नाव वाचता येत नसेल. ते वाचायची गरजही पडली नाही.

नाव गाण्यातून बाहेर कधी पडलं? छपाई आली तेव्हा. आणि इथं आपल्या भडगावचा संबंध येतो, तो मला फार गमतीचा वाटतो. मुंबईत प्लेग सुरू झाल्यावर कवी केशवसुत खान्देशात आले आणि काही काळ भडगावच्या शाळेत शिक्षक होते. पुढं ते फैजपूरला गेले. मराठी कवितेला नवं वळण देणारा हा माणूस गिरणेच्या काठी मुलांचे धडे तपासत होता. नव्या कवितेनं जी अनेक जुनी वळणं सोडली त्यांत हे शेवटच्या कडव्यातलं नावही सुटलं. ते कवितेच्या खाली, छापील ओळीत जाऊन बसलं. तेही कसं? कृष्णाजी केशव दामले यांनी 'केशवसुत' म्हटलं, म्हणजे केशवचा मुलगा. त्यात वडिलांचं नाव आलं, स्वतःचं नाहीच. पुस्तक आहे तोवर कवीचं नाव शाबूत, अशी ही नवी व्यवस्था. ज्यांची गाणी पुस्तकात गेली नाहीत त्यांचं काय, हा प्रश्न तसाच राहिला.

मग रेकॉर्ड आली. नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जाननं गाणं भरलं आणि शेवटी स्वच्छ इंग्रजीत सांगितलं, माझं नाव गौहर जान. यात तोरा होता असं पुष्कळांना वाटतं. तो असेलही, पण कारण व्यवहाराचं होतं. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जायच्या. तिथल्या कारागिराला कोणती तबकडी कोणाची हे कळावं म्हणून कलावंतांनं शेवटी नाव सांगायचं. म्हणजे पाहा, यंत्र नवं आलं तरी नाव पुन्हा गाण्याच्या शेवटीच आलं, तुकोबांच्याच जागेवर!

पुढं लेबल छापलं जाऊ लागलं, बोललेलं नाव गेलं, आणि सिनेमाच्या काळात लेबलावरूनही गायकाचं नाव गेलं. १९४९ च्या 'महल' चित्रपटातलं ते प्रसिद्ध गाणं आठवा. त्याच्या रेकॉर्डवर गायिका म्हणून नाव होतं 'कामिनी'. कामिनी ही चित्रपटातली नायिका. रेडिओवर गाणं लागलं, लोकांनी रेडिओला पत्रं पाठवून विचारलं, ही गाणारी कोण? तेव्हा लता मंगेशकर हे नाव सांगितलं गेलं. लताबाईंचं आजोळ आपल्या थाळनेरचं, शिरपूर तालुक्यातलं, म्हणून खान्देशानं जरा जास्त अभिमान बाळगावा. त्यांचीच एक उलटी गोष्ट आहे. संगीतकार म्हणून त्यांनी भालजी पेंढारकरांच्या चित्रपटांना 'आनंदघन' या नावानं चाली दिल्या, स्वतःचं नाव लपवून. ज्याचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं त्यालाच ते लपवायची चैन परवडते.

आता लग्नसराईत या. आपल्याकडचा बँड म्हणजे चालता-फिरता जलसा. हळदीच्या रात्री गायक माइकवर नवरदेवाचं नाव घेतो, मामाचं घेतो, शंभराची नोट काढणाऱ्याचं तर दोनदा घेतो. तमाशातल्या दौलतजादाचीच ही रीत. पैसे देणाऱ्याच्या नावाचा पुकारा होतो, गाणाऱ्याचं नाव वरातीतल्या कोणाला माहीत नसतं. २०१९ च्या आसपास 'बबल्या इकस केसावर फुगे' हे अहिराणी गाणं महाराष्ट्रभर वाजलं. ज्यांना अहिराणीचा शब्द कळत नाही त्यांच्याही वराती त्यावर नाचल्या. गाण्याच्या नावात बबल्या आहे आणि बबल्या घरोघरी पोचला. गायक अण्णा सुरवाडे यांचं नाव त्यांतल्या किती जणांनी घेतलं? डीजेवाल्यांनी मात्र तुकोबांचा धडा बरोबर गिरवला आहे. दर दोन मिनिटांनी गाण्याच्या मध्येच डीजेचं नाव गरजतं. कानाला त्रास होतो हे खरं. पण त्यानं केलेली फाइल रातोरात शंभर फोनांत जाणार आणि दुसरा कोणी ती आपली म्हणून वाजवणार, हे त्याला ठाऊक आहे. म्हणून तो शिक्का मारतो. मला त्याचा राग येत नाही. ज्याचं गाणं त्यानं उचललं त्याचं नावही घेतलं असतं तर बरं झालं असतं, एवढंच.

बाईच्या नावाचा हिशेब वेगळाच आहे. २०२३ साली शिंदखेड्यातून आलेल्या गौतमी पाटील या नृत्यांगनेनं 'पाटील' आडनाव लावू नये, अशी मागणी काहींनी केली. तिनं ते सोडलं नाही. नाच चालतो, गर्दी चालते, फलकावर नाव चालत नाही, हा कुठला न्याय? पण त्याआधीही, घराघरांत, बाईनं गाण्यात नाव घेतलं ते नवऱ्याचं. उखाण्याला आपण 'नाव घेणं' असंच म्हणतो, आणि त्यात तिचं स्वतःचं नाव नसतं. जात्यावरच्या ओव्या, गुलाबाईची गाणी, कानबाईची गाणी, यांत भावाचं नाव येतं, बापाचं येतं, पंढरीच्या विठोबाचं येतं. रचणारीचं येत नाही. कॅसेट निघते तेव्हा तिच्यावर एकच शब्द छापतात, 'पारंपरिक'. हा शब्द मला खटकतो. परंपरा काही गाणी रचत नाही. कुठल्या तरी गावात, कुठल्या तरी पहाटे, कोणा एका बाईनं ते कडवं पहिल्यांदा म्हटलेलं असतं.

बहिणाबाई चौधरी तशाच राहिल्या असत्या. असोद्याच्या, १८८० च्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या. मुलानं, सोपानदेवांनी, आणि घरच्यांनी गाणी टिपून ठेवली, अत्र्यांनी ती उचलून धरली आणि १९५२ साली, बहिणाबाईंच्या मृत्यूनंतर, पुस्तक आलं. त्या सरस्वतीला आई म्हणतात त्या गाण्यात त्यांनी स्वतःला तिची लेक म्हटलं आहे आणि तिथं 'बहिना' हे नावही घातलं आहे. वही हाती धरता येत नव्हती, तरी नाव कुठं ठेवायचं हे त्यांना बरोबर कळलं होतं. २०१८ पासून जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे.

कायद्याचंही सांगतो. २०१२ साली कॉपीराइटच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला, हे सादरीकरण माझं आहे, असं नावानिशी सांगण्याचा हक्क मिळाला. हक्क चांगला आहे. पण तो मागायला आधी कोणाचं नाव कुठंतरी नोंदलेलं हवं.

म्हणून एक विनंती आहे. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघर कानबाई बसेल, रात्रभर गाणी होतील आणि तुम्ही मोबाइल काढून ती भरून घ्याल. गाणं संपल्यावर बटण दाबायची घाई करू नका. म्हातारीला विचारा, तुन्हं नाव काय शे, माय? तिच्याकडूनच ते म्हणवून घ्या. गाव विचारा, आणि सासरच्या गावाबरोबर माहेरचंही विचारा, कारण गाणं बहुतेक तिकडूनच आलेलं असतं. ते कोणाकडून शिकली हेही तिला आठवत असलं तर तेवढं भरून घ्या. गोंगाट फार असतो त्या रात्री, फोन जरा जवळ धरावा लागेल.