वेगाचा हिशेब
(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण)



मी बी.ए., बी.एड., इतिहासाचा शिक्षक. आज विज्ञानावर बोलतो आहे, त्याला कारण माझा एक विद्यार्थी. त्याच्या वडिलांचे मिरजेत गॅरेज आहे. एकदा त्याने विचारले, "सर, इंजिनची ताकद दुप्पट केली तर शर्यतीची गाडी दुप्पट वेगाने पळेल ना?" मला उत्तर आले नाही. मग विज्ञानाच्या सहकाऱ्यांपुढे आम्ही दोघेही विद्यार्थी होऊन बसलो.

गाडी सुटते तेव्हा हवेचा रोध नगण्य असतो. तेव्हा महत्त्व वजनाला, इंजिनच्या ओढीला आणि टायरच्या पकडीला. पण वेग दुप्पट झाला की हवेचा रोध चौपट होतो आणि त्यावर मात करण्यास लागणारी शक्ती आठपट. ताशी 80 किलोमीटरवरून 100 वर गेले तरी ती जवळजवळ दुप्पट लागते. वेग वाढेल तसा रोध इंजिनची ओढ खात जातो. गाडीचा वेग मग सावकाश वाढू लागतो. ओढ आणि रोध समसमान झाले की वेग वाढणे थांबते. तोच गाडीचा कमाल वेग.

बुगाटी वेरॉन या मोटारीने 2005 साली 1001 अश्वशक्तीच्या बळावर ताशी 407 किलोमीटरचा वेग गाठला. 2010 साली तिच्या सुधारित गाडीला 1200 अश्वशक्ती मिळाली, वेग झाला 431. शक्ती वाढली सुमारे 20 टक्के, वेग अवघा 6 टक्के! म्हणजे शक्ती दुप्पट केली, तरी वेग होईल फार तर सव्वापट.

म्हणून शर्यतीत आकारालाही मोल आहे. फॉर्म्युला वन गाडीचे पंख वळणावर तिला जमिनीशी दाबून धरतात, पण सरळ रस्त्यावर तेच रोध वाढवतात. त्यासाठी 2011 ते 2025 या हंगामांत मागील पंखाची पट्टी सरळ रस्त्यावर उघडण्याची सोय होती. रोध घटे, वेग वाढे.

हाच नियम आपल्या डोंगरांवरही आहे. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर आणि सांगली जिल्ह्यात ढालगावला पवनचक्क्या आपण पाहतो. वारा दुप्पट वेगाने वाहिला तर त्यातील शक्ती आठपट होते. मोटारीकडून हवा जे घेते, ते पवनचक्कीला देते.

त्या मुलाला नववीनंतर गॅरेजातच बसवण्याचे ठरले होते. परवा वडील शाळेत आले. म्हणाले, "मास्तरसाहेब, पोरगा मलाच हिशेब शिकवतो. दहावी तरी होऊ द्या, पुढचे पुढे पाहू."

पालकहो, ते "पुढचे" आपण सर्वांनी मिळून पाहायचे आहे. गॅरेजातल्या हातांना गणिताची जोड मिळाली, तर ही मुले गाड्या दुरुस्त करतीलच, उद्या घडवतीलही. आपल्या मुलामुलींचे प्रश्न अडवू नका. उत्तर येत नसेल तर त्यांच्याबरोबर शिकायला बसा. मीही तेच केले.